तिसऱ्या करंजाचे पान

उद्धव तायडेच्या पत्राला धर्माळे सरांनी उत्तर दिले नाही, या गोष्टीला आता सव्वादोन वर्षे होऊन गेली होती.

पत्र साधेच होते. रेघी वहीतला एक कागद, दोन्ही बाजूंनी निळ्या शाईत लिहिलेला. 'भांडायला लिहीत नाही, सर,' असे दुसऱ्याच ओळीत म्हटले होते. पुढे लिहिले होते, 'माझं गॅरेज बंद झालं. लोक म्हणतात, सरांच्या पानांनी बंद झालं. ती पानं तर फांदीवर चढून मीच तोडत होतो. म्हणून एकच विचारतो. आपला रस्ता खरंच एवढा खराब होता का? दुसऱ्या कोणी सांगितलं तर मी मानत नाही. तुम्ही हो म्हणा, मी मानून घेईन.'

'हो' एवढेच लिहायचे होते. त्या वेळी सरांना त्या उत्तराबद्दल शंकाही नव्हती. तरी चार खर्डे झाले. पहिल्यात त्यांनी आलेख काढला, आणि गॅरेज गमावलेल्या माणसाला आलेख पाठवायचा म्हणजे फारच झाले असे वाटून तो फाडला. दुसरा वाचताना तो सांत्वनाचा कागद वाटला. तिसऱ्यात ते स्वतःचीच बाजू मांडत सुटले होते. चौथा बरा जमला होता. पण तोवर तीन महिने झाले होते, आणि उशिराबद्दल माफी कशी मागावी हे सुचेना. मग सहा महिने झाले. पुढे पुढे तर ते पत्र ज्या पुस्तकात ठेवले होते, ते पुस्तकही सर कपाटातून काढेनासे झाले.

प्रल्हाद धर्माळे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वय एकोणऐंशी. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांचा घसा कोरडा पडे. वर्गात मात्र फळ्याकडे तोंड करून ते तास तास बोलू शकत. नोकरीच्या काळात ते आणि प्रयोगशाळेतला मदतनीस उद्धव दरवर्षी ऑक्टोबरात अचलपूर-परतवाडा रस्त्यावरच्या सात करंजांची पाने गोळा करत. झाडांना त्यांनी एक ते सात आकडे दिले होते. पाने दाबून, वाळवून, जाड कागदावर टाचून, खाली तारीख लिहून कॉलेजच्या कपाटात जात. करंजाच्या पानावर पडणाऱ्या ठिपक्यांचा अभ्यास करायचा, असा मूळ बेत होता. तो अभ्यास काही पुरा झाला नाही. पाने मात्र साठत गेली. उद्धवने कॉलेज सोडून त्याच रस्त्यावर दुचाकींचे गॅरेज टाकले, तरी ऑक्टोबरातल्या त्या रविवारी तो शिडी घेऊन हजर असे. सर निवृत्त झाले तरी हा नेम चुकला नाही. चौतीस वर्षांची पाने जमली.

ती पाने पुढे कोणाच्या कामाला येतील, असे सरांच्या स्वप्नातही नव्हते.

मधल्या काळात उन्हाळे बदलले. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, तो अंगाला चिकटत नाही. सूर्याचा उजेड तो खुशाल आत येऊ देतो; तापलेल्या जमिनीची उष्णता परत जाऊ लागली की मात्र तिला अडवतो. आणि एकदा हवेत गेला की त्यातला बराच भाग शेकडो वर्षे तिथेच मुक्काम ठोकतो. आज स्कूटरला किक मारून भाजीला गेलेल्या माणसाचा धूर त्याच्या पणतूच्या पणतूवरही पांघरूण घालून बसणार, असा हा हिशेब. परतवाड्याच्या लोकांना तो पुस्तकातून कळला नाही. संत्र्याच्या बागांनी सांगितला. हिवाळ्यात झाडाला नीट गारवा आणि पाण्याचा ताण मिळाला तर आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीची फुले, धरतो. गारव्याचे दिवस कमी होत गेले, तशी फुले फांदीवरच करपू लागली. एप्रिलात पारा सत्तेचाळीसवर जाणे ही बातमी राहिली नाही.

मग दोन्ही गावांनी मिळून ठरवले की अचलपूर आणि परतवाडा यांना जोडणारा रस्ता तीन वर्षे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंद करून पाहायचा. डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी बस सुरू झाली. लोक तिला तारबस म्हणू लागले. करंजांच्या सावलीत सायकलींसाठी पट्टा निघाला. ही सगळी योजना ज्या कचेरीने आखली, तिची मुख्य अभियंता होती शाल्मली, सरांची एकुलती एक मुलगी. आणि नियम असा केला होता की तीन वर्षांत रस्त्यावरचा इंधनाचा धूर दोन-तृतीयांशाने घटला, तर बंदी कायमची. नाही घटला, तर रस्ता पुन्हा सर्वांना खुला.

पण घटला हे मोजायचे कशावर? आज हवा मोजता येते. दहा वर्षांपूर्वीची कशी मोजणार?

इथे ती पेटी आली. शिवणयंत्राएवढी. पानाचा नखाएवढा तुकडा तिच्यात जाळायचा, निघालेल्या वायूतून लेझरचा किरण सोडायचा, आणि अर्ध्या तासात आकडा वाचायचा. पूर्वी याच कामाला खोलीभर यंत्र लागे आणि पान आधी चार रसायनांत धुवावे लागे. नव्या पेटीचे कौतुक असे की धुवायची भानगड नाही, पान जसे असेल तसे चालते.

तिच्यामागचे विज्ञान सर सोप्या शब्दांत सांगत. आकाशात फार उंचावर, बाहेरून येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने कार्बनचा एक वेगळा, जड प्रकार सतत तयार होत असतो. त्याला कार्बन-चौदा म्हणतात. झाडे हवेतला कार्बन घेतात तेव्हा चिमूटभर तोही घेतात. जीव मेला की तो हळूहळू झिजतो आणि पन्नास-साठ हजार वर्षांत संपतो. पेट्रोल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांपासून झालेले. त्यात कार्बन-चौदा औषधालाही नसतो. म्हणजे हवेत दोन तऱ्हेचा कार्बन आला, एक ताजा आणि एक शिळा. धुरकट रस्त्याकडेच्या झाडाने पान धरले, तर त्यात शिळा कार्बन थोडा जास्त जातो. पान खोटे बोलत नाही. त्या पावसाळ्यात त्याने जो श्वास घेतला, तोच त्याच्या अंगात असतो. ताज्या हवेचे माप म्हणून सर मेळघाटातल्या सिपना नदीकाठची करंजाची पाने वापरत. तिथे गाडीचा धूर पोचत नाही. ती पानेही त्यांनी वर्षानुवर्षे जमवली होती.

कपाटातली जुनी पाने पेटीत गेली. सिपनेच्या पानांशी ताडून पाहता रस्त्याच्या पानात शंभरातले सात भाग शिळा कार्बन निघाला. तीन वर्षांनंतर झाडावरून थेट आणलेल्या हिरव्या पानांत तो दीडही भरला नाही. जवळजवळ चार-पंचमांश घट! बंदी कायमची झाली. समारंभ झाला.

त्या समारंभात सर दुसऱ्या रांगेत, एका जाड माणसाच्या आडोशाला बसले होते. मागून कोणी तरी खांद्याला हात लावला.

"सर, वळखलं का?"

"अरे, उद्धव! ये, ये. बस ना."

"बसतो काहाले, पाच मिन्टासाठी आलो. हार तुमाले घालाले पायजे होता, सर. त्या मंत्र्यानं जिंदगीत एक पान तरी तोडलं काय?"

सर कसेबसे हसले. उद्धवने समोर उभ्या असलेल्या बसकडे मान केली.

"पोरीनं काम मस्त केलं, हां. पहा ना, चालू हाय त आवाज नाई. मले वाटलं, बंद पडली." आणि थोडे थांबून तो म्हणाला, "माह्या कामाची नाई ते. बंदच पडत नाई."

"गॅरेजचं काय करणार?"

"पाहू. सर, तुमाले एक इचारू काय?"

तेवढ्यात कर्ण्यावरून सरांचे नाव पुकारले गेले. ते गोंधळून उठले, चष्मा खाली पडला, कोणीतरी तो उचलून दिला. शाल हातात घेऊन ते परत आले तेव्हा उद्धव गेला होता. महिन्याभराने ते पत्र आले.

आता दोन हजार त्रेचाळीसचा मे चालू होता, आणि शाल्मली सायकलवरून येऊन, ओला रुमाल मानेवर दाबत, वडिलांच्या समोर बसली होती.

"बाबा, जुळे नमुने लागणार आहेत."

"कसले?"

"पानांची पद्धत तपासणाऱ्या समितीला. एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली दोन पानं. दोन्हींचा आकडा सारखा आला की झालं. जूनअखेर सही, आणि धर्माळे पद्धत चाळीस शहरांत."

"माझं नाव कशाला दिलंस त्याला?"

"मी कुठं दिलं? फाईलवर पडलं. आता खोडायला गेले तर दोन वर्षं लागतील."

तिला हसताना पाहून त्यांना बरे वाटले. तिची आई नलिनी गेल्यापासून हे घर हसण्याच्या बाबतीत जरा मागेच होते.

दुसऱ्या दिवशी सर जुळे पान शोधायला बसले. कॉलेजच्या कपाटात प्रत्येक झाडाचा वर्षाला एकच कागद होता. घरच्या लोखंडी पेटाऱ्यात सिपनेची पाने असत. कधी घाईत एखादा कागद इकडचा तिकडे गेला असेल, या आशेने त्यांनी पेटारा उपसला, आणि दुपारपर्यंत एक कागद सापडला. उद्धवचे अक्षर: 'करंज क्र. ३, ऑक्टोबर २०११.' कपाटात याच तारखेचा, याच झाडाचा कागद होता. जुळे मिळाले.

कॉलेजात जाऊन त्यांनी दोन्ही पानांचे तुकडे एकामागून एक पेटीत घातले. कपाटातल्या पानाचा आकडा आला सात पूर्णांक एक. घरच्या पानाचा आला दोन पूर्णांक नऊ.

सरांना वाटले, पेटी बिघडली. त्यांनी पेटीसोबत आलेला ठरावीक नमुना जाळून पाहिला. पेटी ठीक होती. मग वाटले, आपणच तुकडे बदलले असतील. आपल्या हातून काय होईल सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा केले. सात. तीनला थोडे कमी. तिसऱ्यांदाही तेच. एका फांदीवरची, एका दिवशी तोडलेली दोन पाने वेगवेगळी हवा प्यायली, असे तर होणार नव्हते. तोडल्यानंतरच काहीतरी घडले होते.

ते खुर्चीत बसून राहिले. विचार करताना बोटांचा मुटका नाकाशी धरायची त्यांना सवय होती. बोटांना वास येत होता. कॉलेजच्या कपाटाचा वास. इतक्या वर्षांत तो येतो हेही त्यांना जाणवेनासे झाले होते.

डांबरगोळ्या.

पानांना कसर लागू नये म्हणून कुठल्याही कॉलेजात वाळलेल्या पानांच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवतात. त्यांच्या आधीच्या प्राध्यापकांनी ठेवल्या, त्यांनी ठेवल्या, त्यांच्यानंतरचेही ठेवत होते. एका वर्षी किड्यांनी दोन कप्पे फस्त केले, तेव्हाची गोष्ट त्यांना स्वच्छ आठवली. उद्धव पुडा हातात घेऊन स्टुलावर उभा होता.

"सर, किती टाकू?"

"टाक भरपूर."

"भरपूर म्हंजे? मानसं कपाट उघडतीन त चक्कर येऊन पडतीन."

"पडू दे. पानं वाचली पाहिजेत."

डांबरगोळी निघते डांबरापासून, डांबर दगडी कोळशापासून, आणि कोळसा कोट्यवधी वर्षांचा. तिच्यात कार्बन-चौदाचा कणही नसतो. गोळी हवेत विरते आणि तिची वाफ करंजाच्या मेणचट पानात मुरून बसते. पेटीला काय, तिला शिळा कार्बन दिसला की तो स्कूटरचा की गोळीचा, हे कळायचा मार्ग नाही. आणि घरच्या पेटाऱ्यात गोळ्या नव्हत्या. त्या वासाने नलिनीबाईंचे डोके उठे. म्हणून त्या पेटाऱ्यात दर उन्हाळ्यात कडुनिंबाचा पाला घालत. सिपनेची पाने त्या पाल्यात स्वच्छ राहिली, रस्त्याची पाने गोळ्यांत काळवंडली, आणि सरांनी दोन्हींची तुलना करून दोन गावांना आकडा दिला.

तरीही त्यांनी आपल्या तर्कावर विश्वास ठेवला नाही. कपाटातल्या पानाचा अर्धा भाग त्यांनी पातळ कागदात घालून घराच्या गच्चीवर उन्हात ठेवला, अर्धा कपाटातच राहू दिला. मेच्या उन्हात गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. गोळीची वाफ शिरली असेल, तर ती या उन्हात उडून जायला हवी. तीन दिवसांनी आकडा चार पूर्णांक सहावर आला. आठवड्याने साडेतीन. पंधराव्या दिवशी तीन, आणि मग तिथेच थांबला. कपाटातला भाग अजून सातच दाखवत होता. असेच त्यांनी आणखी सहा पानांचे केले. सहाही तीनच्या आसपास येऊन थांबली.

रस्ता खराब होता. पण सात नव्हता, तीन होता. बंदीने धूर निम्म्याहून थोडा जास्त घटला होता. नियमातले दोन-तृतीयांश काही झाले नव्हते. नियमाप्रमाणे रस्ता पुन्हा खुला व्हायला हवा होता, आणि उद्धवचे गॅरेज उघडायला हवे होते.

शाल्मली आली तेव्हा त्यांनी कैरीचे पन्हे पुढे केले आणि सगळे सांगितले. सांगताना ते तिच्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते, वर्गात फळ्याकडे पाहत तसे. तिने मधेच तोडले नाही. संपल्यावर पेला खाली ठेवला.

"सातचा तीन."

"दोन पूर्णांक नऊ. तीनच धर."

"म्हणजे निम्म्याहून जास्त घट झालीच ना? ती काय थोडी आहे?"

"थोडी नाही. पण नियम दोन-तृतीयांशाचा होता."

"नियम आपणच केला होता, बाबा!"

"म्हणून तर."

ती उठून खोलीत फिरू लागली. "एक महिना थांबा. सही होऊ दे, मग सांगा. जे लोक पेट्रोल परत आणायला टपून बसलेत ना, ते उद्या म्हणतील, पानं खोटी. परवा म्हणतील, पेटी खोटी. तेरवा म्हणतील, उन्हाळासुद्धा खोटा. आणि तोवर तारबसच्या तारा काढून भंगारात. तुम्हाला हे दिसत नाही?"

सरांना ते चांगलेच दिसत होते. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनाही तो रस्ता पुन्हा धुराने भरलेला नको होता.

"शाल्मली, चाळीस शहरं म्हणालीस ना. तिथली जुनी पानं कुठून येणार?"

"कॉलेजांतून. कपाटांतून."

"त्या कपाटांत काय असेल?"

ती फिरायची थांबली.

"सगळीकडे असाच मोठा आकडा येईल," सर म्हणाले. "सगळीकडे आपण जिंकल्यासारखं दिसेल. आणि हवेत धूर आहे तेवढाच असेल. तो काही आपला कागद वाचून कमी होणार नाही."

"ते सहीनंतरही दुरुस्त करता येईल."

"येईल. पण मी करीन का?" सरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले. "उद्धवनं मला पत्र लिहिलं होतं. रस्ता खरंच एवढा खराब होता का, एवढंच विचारलं होतं. मी हो म्हणालो असतो तर त्यानं मान्य केलं असतं."

"कधी लिहिलं होतं?"

"सव्वादोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलं?"

"नाही दिलं."

शाल्मलीने दप्तर खांद्याला अडकवले. "सव्वादोन वर्षं तुम्ही त्या माणसाला एक ओळ लिहिली नाही. आणि मला एक महिना देत नाही." एवढे बोलून ती जिना उतरली. खाली सायकलचा स्टँड जोरात वाजला.

तिचे हेही खरे होते. सर बराच वेळ पन्ह्याच्या दोन पेल्यांसमोर बसून राहिले. आपण सावध माणूस आहोत, पुरेपूर खात्री झाल्याशिवाय बोलत नाही, असे ते जन्मभर मानत आले होते. आज हिशेब मांडला तर त्या सावधपणातला निम्माशिम्मा नुसता भित्रेपणा निघत होता. डांबरगोळीसारखाच तो मुरला होता, आणि वास येईनासा झाला होता. एक महिना थांबले तर काय होईल, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. महिन्याचे तीन होतील, तिनाचे सहा, आणि मग माफी कशी मागावी हे सुचणार नाही.

त्यांनी पत्र ठेवलेले पुस्तक काढले. उद्धवचे पत्र पुन्हा वाचले. मग कागद घेऊन एका बैठकीत लिहिले. आलेख काढला नाही.

'प्रिय उद्धव,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला सव्वादोन वर्षे लागली. याला कारण नाही. मी लाजलो आणि नंतर घाबरलो, एवढेच.

तू विचारलेस, रस्ता खरंच एवढा खराब होता का. नाही. खराब होता, पण मी सांगितला तेवढा नव्हता. मी सात म्हणालो, तो तीन होता. वरचे चार आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचे. गोळ्या तू टाकल्यास, पण भरपूर टाक असे मी म्हणालो होतो, आणि पाने पेटीत घालण्याआधी त्या मला आठवायला हव्या होत्या. ती चूक माझी, तुझी नाही. नियमाप्रमाणे तुझे गॅरेज बंद व्हायला नको होते. हे मी समितीलाही लिहीत आहे. तू हे पत्र कोणालाही दाखवू शकतोस. दाखवावेस असे मला वाटते.

आणखी एक लिहितो, ते तुला आवडणार नाही. तीन हाही आकडा लहान नाही. आपल्या रस्त्यावर धूर परत येऊ नये, असे मला आजही वाटते. पण ते मी तुला समजावून सांगायला हवे होते, आणि तू हो किंवा नाही म्हणायला हवे होतेस. मी पानाचा धाक दाखवून तुला गप्प केले. पुढे काय करायचे ते दोन्ही गावे बसून ठरवतील. त्या बैठकीला तू ये. मी येईन. मला उभे राहून बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. बसून बोलेन.

तुझा,
प्रल्हाद धर्माळे'

लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचले तर हा पाचवा खर्डा होईल हे ओळखून त्यांनी कागदाची घडी घातली आणि पाकीट चिकटवले. जुन्या पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला.

सकाळी फोनवर शाल्मलीचा निरोप होता. पहाटे सहाला पाठवलेला.

'उद्धवकाका आता त्या पत्त्यावर राहत नाहीत. मुलीकडे गेलेत. आमच्या यादीतला पत्ता खाली देते. समितीचा कागद मला आधी दाखवा, तुमचं इंग्रजी कोणाला कळणार नाही. मी अजून रागावलेली आहे.'

खाली ब्राह्मणवाडा थडीचा पत्ता होता. सरांनी पाकिटावरचा जुना पत्ता एका रेघेने खोडला आणि वर नवा लिहिला. नवे पाकीट घ्यायला उठले असते तर कदाचित पत्र पुन्हा बाहेर काढले असते.

दहाच्या तारबसने ते परतवाड्याला निघाले. गाडीत दोन बाया संत्र्याच्या रोपांविषयी बोलत होत्या. एक म्हणत होती की औंदा दोनशे रोपं गेली, सावली केली तरी गेली. बस आवाज न करता करंजांखालून चालली होती. तिसरा करंज आला तसा गेला. त्यापुढे उद्धवच्या गॅरेजचे बंद शटर होते. त्यावर कोणी तरी निवडणुकीचे पोस्टर चिकटवले होते. एरवी ते शटर आले की सर दुसरीकडे मान वळवत; या खेपेला वळवली नाही.

टपाल कचेरीत पंखा आणि एक बाई, दोघेच काम करत होते. पुढे एक माणूस होता, तो गेला.

"कुठं पाठवायचं, आजोबा?"

"ब्राह्मणवाडा थडी."

"जवळच तर हाय. फोन नाई करता येत?"

"येतो," सर म्हणाले. "पण त्यानं पत्र लिहिलं होतं."

बाईने खोडलेल्या पत्त्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "साधं टाकू?"

"पोचपावती मिळते ना?"

"मिळते. सही करून घेतीन आनि पावती तुमच्या घरी येईन. मंग तुमाले म्हनता येनार नाई, पाठवलंच नवतं म्हनून."

"तीच द्या," सर म्हणाले.

तिने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवले, उचलले, त्यावर शिक्का मारला आणि मागे न पाहता पोत्यात टाकले. सरांनी पावती चष्म्याच्या घरात घातली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.